कोऱ्या कागदावरची सही

डिंडोली, सुरत
१४ ऑक्टोबर २०२३

छाया,

तू फोन उचलत नाहीस. मयुरीने एकदा उचलला आणि "मामा, आई नको म्हणते" एवढं सांगून ठेवून दिला. लेकराला मधे घालायला नको, म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लिहायची सवय राहिली नाही, तेव्हा अक्षर समजून घे.

गावाला निघताना माझ्या दारात उभी राहून तू जे बोललीस ते तुझ्या सुषमावहिनीने ऐकलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं. मी चौकीवर आलो नाही, हे खरं आहे. योगराजला पकडलं त्या दिवशी मी सकाळी आठपासून सुषमाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा कळलं. पुढच्या दिवशी का आलो नाही, त्याच्या पुढच्या दिवशी का नाही, याला मी तुला लारीचं, चहाच्या हातगाडीचं कारण दिलं. चौकीतल्या जमादाराशी माझी ओळख आहे, मी एक शब्द टाकला असता तर नवरा सुटला असता, असं तू म्हणालीस. ओळख कसली. तो चहा पितो, मी देतो.

परवा योगराजला भेटून आलो. मधे काच असते, फोनवर बोलावं लागतं. पहिले पंधरा दिवस त्याचे फार वाईट गेले. गोळी बंद झाली तसं अंग थरथरायला लागलं, उलट्या, झोप नाही. बराकीतले लोक हसायचे. एका म्हाताऱ्या कैद्याने त्याला पाणी पाजलं म्हणे. डॉक्टर एकदा आला. त्याने विचारलं, "नशा करतो का?" हा म्हणाला, बारा माग सांभाळतो, बारा तास उभा असतो, पायातली कळ थांबायला गोळी घेतो. डॉक्टरने "हो" एवढंच लिहिलं.

तू गोळ्यांच्या ज्या तीन पाकिटांचं सांगत होतीस, शर्टाच्या खिशातली, तेवढीच होती असं तोही म्हणतो. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी कारखान्याच्या फाटकात पकडलं, कारण त्या आठवड्यात बाहेरगावच्या लोकांच्या खोल्या तपासणं चालू होतं आणि माणसं हवी होती. पेपरात फोटो आला त्यात त्याच्यापुढे गोळ्यांनी भरलेली थैली ठेवली आहे. तीन पाकिटांवर माणूस लवकर सुटतो. थैलीवर दहा वर्षं जातात आणि जामीनही मिळत नाही, असं इथे सगळे म्हणतात.

त्याने मयुरीची शाळा विचारली. गावातल्या शाळेत नाव घातलं का ते कळव.

तुझा भाऊ
उखा


९ फेब्रुवारी २०२४

छाया,

तुझं उत्तर नाही, तरी कळवायला हवं असं घडलं म्हणून लिहितो.

योगराजला वकील मिळाली. हर्षदाताई नाव. बाप अमळनेरकडचा, इथेच माग चालवून मुलीला शिकवलं. कामगारांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिच्यात ती असते. फी घेत नाही. बोलते मराठी, मधेच गुजराती, रागावली की हिंदी.

खोल्या तपासायच्या त्या मोहिमेत महिनाभरात चाळीसच्या वर माणसं धरली होती. तिने एकेकाचे कागद मिळवायला घेतलेत. ओडिशाचे, बिहारचे, आपल्या खानदेशातले, एक वाशिमकडचा गवंडी. इथला म्हणावा असा एकही नाही. ती म्हणते, गोळी बनवणारा कुणी पकडला नाही, विकणारा पानाच्या टपरीवर अजून बसलाय, आणि खाणारे मात्र सगळे आत. गोळ्या खाणारा आजारी असतो, त्याला दवाखाना पाहिजे, असं तिने कोर्टात लिहून दिलंय. वर मानवी हक्क आयोगाकडे वेगळा अर्ज केलाय, की परप्रांतातून पोटासाठी आलेला म्हणजे गुन्हेगार, असं धरून चालता येणार नाही.

काल ती आपल्या घरी आली होती. योगराजचा जवळचा माणूस म्हणून माझ्याकडे आली. सुषमाने चहा केला. ताईने तुझ्याबद्दल विचारलं, साड्यांवर खडे चिकटवायचं तुझं इथलं काम गावाला मिळतं का विचारलं. मग फाईल उघडली आणि मला म्हणाली, "उखाभाऊ, तुमचं पूर्ण नाव काय?"

मी सांगितलं.

तिने फाईल बंद केली. चहा अर्धा ठेवून गेली.

बाकी सुषमाचा डोळा बरा आहे.

उखा


२ मार्च २०२४

छाया,

घरी येऊन गेल्यावर दोन दिवसांनी हर्षदाताईने मला तीन आठवडे दिले होते. "तुमच्या बहिणीला मी सांगणार नाही, तुम्ही सांगा," म्हणाली. आज तिसरा आठवडा संपला.

पोलिसांनी झडती घेतली की दोन बाहेरची माणसं साक्षीला लागतात. त्यांना पंच म्हणतात. आमच्यासमोर अमुक माणसाकडे अमुक माल सापडला, असं त्यांनी सहीने सांगायचं. योगराजच्या कागदावर दोन पंच आहेत. एक कुणीतरी रिक्षावाला आहे. दुसरा मी आहे.

हे वाचून तू कागद फाडशील. फाडण्याआधी पुढचं वाच एवढीच विनंती.

मी काही पाहिलं नाही. मी तिथे नव्हतो. पंचनाम्यात सकाळी साडेदहाची वेळ आहे, आणि साडेदहाला मी दवाखान्यात सुषमाची चप्पल हातात घेऊन बसलो होतो. सही मी आदल्या दिवशी केली होती. जमादाराने लारीवर दोन कोरे कागद आणले, बोट ठेवलं आणि "उखाभाई, अहीं सही करी आपो" म्हणाला. मी हात पुसले आणि सही केली. चार वर्षं अशीच करत होतो.

का करत होतो, तेही लिहितो. महापालिकेची गाडी यायची आणि त्या गल्लीतल्या सगळ्या लाऱ्या उचलायची, माझी राहायची. हे एक. दुसरं कारण कुणाला बोललो नाही. मला ते आवडायचं. सातवी शिकलेला माणूस मी, या गावात तीस वर्षांत माझं नाव कुणी कागदावर मागितलं नव्हतं. सुषमाला मी एकदा म्हणालोही, सरकार माझी सही घेतं. त्या कागदावर पुढे काय लिहिलं जातं, तो कागद कुणाच्या गळ्यात पडतो, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारायचं नाही हे मला कळत होतं, छाया. म्हणजे थोडंफार सगळंच कळत होतं.

योगराजला पकडल्यावर तिसऱ्या दिवशी जमादारानेच सांगितलं. हसत होता. "तुझा मेहुणा आहे काय? आधी बोलायचं ना," असं हिंदीत म्हणाला. आता कागद पुढे गेला, तोंड उघडशील तर तूही आत जाशील, हेही सांगितलं. त्याच दिवशी तू माझ्याकडे आली होतीस. "भाऊ, माले खरं सांगजो, तू येशील का चौकीवर?" असं विचारलंस. मी म्हणालो, लारी कुणावर सोडू. तेव्हा मला सगळं माहीत होतं.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझं लग्न मी ठरवलं, मी माग चालवायचो तेव्हा माझ्याच शेजारच्या मागावर काम करणाऱ्या माणसाशी. तो माझा मित्र आधी होता. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. काय केलं ते पुरतं लिहावं म्हणून लिहितोय.

उखा


२२ ऑगस्ट २०२४

छाया,

राखी आली नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मयुरीने सुषमाला सांगितलं की पत्र वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस.

मागचं पत्र वाचून मी लगेच कोर्टात जाऊन खरं बोललो असेन असं तुला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. हर्षदाताईने विचारलं, साक्षीला उभे राहाल का. मी नाही म्हणालो. मार्चपासून जुलैपर्यंत नाहीच म्हणत राहिलो. कारण सांगत होतो की सुषमाचं कसं होईल. खरं कारण भीती. जमादार घरी आला होता. चौकटीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही बाहेरचे लोक, इथे चांगलं खाताय, घर झालंय, उगाच कशाला. आवाज चढवला नाही. जाताना सुषमाला डोळ्याचं विचारलं. त्यानंतर आठवड्याने महापालिकेच्या गाडीने लारी उचलून नेली. परत मागायला गेलो तर तिथल्या माणसाने माझं नाव ऐकून दुसरीकडे पाहिलं. आता पर्वत पाटियाजवळ एका गोदामात साड्यांच्या घड्या घालतो. काम उभ्याचं आहे. संध्याकाळी पाय भरून येतात तेव्हा योगराज काय सांगायचा ते समजतं.

जुलैत मी योगराजला भेटायला गेलो आणि त्याला सांगितलं. हर्षदाताईने सांगायला सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं.

तो ऐकत होता. मधे त्याने एकदाच विचारलं, "कोरा होता?" मी हो म्हणालो. त्याने फोन जागेवर ठेवला. मला वाटलं उठून जाईल. तो उठला नाही. वेळ संपेपर्यंत काचेपलीकडे बसून राहिला, माझ्याकडे न बघता, फोन न उचलता. मी माझा फोन कानाला लावून बसलो होतो. शिपायाने खांद्याला हात लावला तेव्हा उठलो. पुढच्या भेटीला गेलो तर आतून निरोप आला, भेटायचं नाही.

त्या दिवशी मी हर्षदाताईच्या ऑफिसात गेलो. तिच्या टेबलावर एक यादी होती. तिने माझ्यापुढे सरकवली. चौदा नावं होती. चौदा वेगवेगळी माणसं, चौदा वेगवेगळ्या तारखा, आणि प्रत्येकाच्या पंचनाम्यावर माझी सही. काही सुटलेत, काही अजून आत आहेत. योगराज सोडला तर मी एकालाही ओळखत नाही. ताई म्हणाली, "मी तुम्हाला वाचवू शकेन असं सांगत नाही. कोर्ट तुम्हाला विचारेल की सही का केली, आणि त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल."

मी हो म्हणून आलोय. सुषमाला सांगितलं. ती म्हणाली, "आधीच व्हायला हवं होतं," आणि ऑपरेशनचा कागद पेटीतून काढून ताईला देण्यासाठी पिशवीत घातला.

उखा


२१ जानेवारी २०२५

छाया,

तू काल कोर्टात आली होतीस. मागच्या बाकावर भिंतीकडेला बसलेली दिसलीस. मी तुझ्याकडे यायला निघालो तेवढ्यात तू जिना उतरलीस. ठीक आहे. पण तुला मागून सगळं ऐकू आलं नसेल, आणि बरंचसं गुजरातीत झालं, म्हणून लिहितो.

पंच म्हणून मी सरकारचा साक्षीदार होतो. सरकारी वकिलाने कागद दाखवला, सही तुमची का विचारलं. मी हो म्हणालो. तुमच्यासमोर आरोपीकडून थैली सापडली का विचारलं. मी म्हणालो, नाही साहेब, मी तिथे नव्हतो, सही केली तेव्हा कागद कोरा होता. त्याने कागद खाली ठेवला. मग कोर्टाला म्हणाला, साक्षीदार फितूर झालाय, मला उलटतपासणी करू द्या. त्याने बरंच विचारलं. आरोपी तुमचा मेहुणा आहे ना, बहिणीसाठी खोटं बोलताय ना, किती दिवस शिकवून आणलंय. मी म्हणालो, मेहुणा आहे. बहीण माझ्याशी बोलत नाही.

हर्षदाताईने दवाखान्याचा कागद पुढे केला. भरती आठ वाजून दहा, सोबत कोण या रकान्यात माझं नाव आणि सही. पंचनामा साडेदहाचा. जज्जबाईंनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या.

मग त्यांनी स्वतः विचारलं, "अशा किती कागदांवर सह्या केल्यात?"

मी म्हणालो, "चौदा सापडल्यात. जास्त असतील. मी मोजल्या नाहीत."

"का केल्यात?"

ताईने आधीच सांगितलं होतं की हे विचारतील. मी घरी वाक्य तयार करून गेलो होतो, लारीचं, गरिबीचं. ते सगळं आठवत होतं. पण योगराज पिंजऱ्यात उभा होता, दोन्ही हात मागे. मी म्हणालो, "मला त्रास नव्हता म्हणून. ज्याला होणार होता तो मला दिसत नव्हता."

बाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. टाइप करणाऱ्याने मला परत बोलायला लावलं. दुसऱ्यांदा बोलणं जास्त जड गेलं.

बाहेर आल्यावर जमादार व्हरांड्यात होता. मला वाटलं काही बोलेल. तो मोबाइलवर बघत राहिला.

उखा


१९ जून २०२५

छाया,

निकाल तुला ताईने फोनवर कळवला असेलच. झडती झाली हेच सिद्ध होत नाही, असं जज्जबाईंनी लिहिलंय. पंचनामा तयार करणाऱ्यांची चौकशी व्हावी असंही लिहिलंय. ती होते का ते बघायचं. माझ्याबद्दल एक परिच्छेद आहे, साक्षीदाराचं वागणं निंदनीय होतं असा. ताईने तो वाचून दाखवला नाही, मी मागून घेतला.

एकवीस महिने झाले. आज सकाळी योगराज बाहेर आला. ताई होती, मीही गेलो होतो, थोडा लांब उभा राहिलो. तो ताईशी बोलला, मग माझ्याकडे चालत आला. केस पांढरे झालेत, हे पत्र मिळेपर्यंत तू ते पाहिलेही असतील.

तो म्हणाला, "कोर्टात बोललास ते ऐकलं मी."

मी मान हलवली.

"पण उखा, आत रोज सकाळी उठलो की पहिलं तुझं नाव यायचं डोक्यात. आता बाहेर आल्यावर ते थांबेल का, मला माहीत नाही. थांबलं तर मी स्वतः येईन. तू येऊ नको."

मी बरं म्हणालो. ताईने त्याला स्टेशनवर सोडलं. भुसावळच्या गाडीने निघालाय, संध्याकाळपर्यंत पोहोचेल.

एक गोष्ट मात्र ऐक, माझं बाकी काही ऐकू नको. त्याच्या पायातली कळ गेलेली नाही. गावातही त्या गोळ्या मिळतात. पुन्हा घ्यावीशी वाटली तर रागावू नको, लपवू नको, जळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. ताईने तिथल्या एका डॉक्टरचा नंबर मयुरीच्या मोबाइलवर पाठवलाय. ताई म्हणते, परत घेतली तर तो खोटा ठरत नाही, त्याला औषध लागतं एवढंच. मीही आधी गोळीवाल्यांना वाया गेलेले म्हणायचो. तुझ्या नवऱ्यालाही एकदा म्हणालो होतो.

उखा


१२ सप्टेंबर २०२५

छाया,

तुझा निरोप सुषमाकडे आला. योगराजने किराण्याच्या दुकानात काम धरलं, दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जातो, हे ऐकून बरं वाटलं. निरोप मला नव्हता, तरी मला कळला.

आज मी दुसऱ्या केसमध्ये उभा राहिलो. चौदातली ही दुसरी. माणूस ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला, माग चालवायचा, नाव दुर्योधन. त्यांच्याकडे अशी नावं असतात. पावणेतीन वर्षं आत आहे. मी त्याला आज पहिल्यांदा पाहिलं. बुटका आहे, डाव्या हाताचं एक बोट नाही.

त्याची बायको दोन रात्रींचा प्रवास करून आली होती. व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. हर्षदाताईच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला सांगितलं असावं की हा माणूस तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलायला आलाय. ती उठली आणि माझे पाय धरायला वाकली. मी मागे सरकलो तर तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या भाषेत बोलायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता, पण काय बोलतेय ते कळत होतं. आजूबाजूचे लोक बघत होते. एक वकील थांबून हसला, चांगलं काम करताय म्हणाला.

मी तसाच उभा राहिलो असतो तर चाललं असतं. पुकारा व्हायला फार वेळ उरला नव्हता, ती गेली असती गावाला, तिला कधीच कळलं नसतं.

मी हिंदीत म्हणालो, "बहन, वो सही मेरी है। तुम्हारे आदमी के कागज़ पर। मैंने ही की थी।"

तिला पटकन समजलं नाही. शेजारच्या ओडिया माणसाने तिला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली आला.

तिने माझा हात सोडला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतका वेळ कुणी माझ्याकडे बघितलेलं नाही, छाया. मी नजर काढली नाही. तिचा तेवढा हक्क होता.

मग आतून माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव, बापाचं, आडनावासकट. ती बाजूला झाली आणि मी आत गेलो.

अजून बारा आहेत.

उखा